काल्याची बरणी

माझं डोकं तापट आहे. आई म्हणते, हा पोटात असल्यापासून लाथा झाडतोय. कंपनीत माझ्या केबिनमध्ये शिरण्याआधी पोरं बाहेर एकमेकांना विचारून घेतात, साहेबांचा मूड कसा आहे म्हणून. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकलं की निम्मे लोक म्हणतात, तुझा स्वभावच तसा. स्वभाव आहेच माझा. पण त्या दिवशी कुळगावच्या बंगल्यात मी आवाजसुद्धा चढवला नाही. ज्यांना तापायचं काही कारणच नव्हतं, ते माझ्याआधी उठून गेले.

सुरुवात बर्बनपासून करतो. बर्बन म्हटलं की आपल्याकडे चॉकलेटी क्रीमचं बिस्कीट. मलाही तेवढंच ठाऊक होतं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, कंपनीनं अंबरनाथच्या प्लँटसाठी एक मशीन घेतलं आणि ते शिकायला मला अमेरिकेत, केंटकीला धाडलं. तिथला फोरमन भला माणूस. एका रविवारी तो मला त्याच्या गावाजवळच्या व्हिस्कीच्या कारखान्यात घेऊन गेला. आत मोठमोठ्या टाक्यांत मका आंबत घातलेला. तो वास नाकात गेला आणि मी थेट अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या आमच्या खोलीत पोचलो. लहानपणी आई रात्री पीठ भिजवून ठेवायची आणि सकाळी त्याची आंबील करायची, तोच आंबूस, गोडसर वास. फोरमनला ते कसं सांगणार? मी नुसता उभा राहिलो. त्याला वाटलं, भारतातला पाहुणा दारूनं भारावला.

तिथं मला कळलं की बर्बनला फार कडक नियम असतात. धान्यात निम्म्याहून जास्त मका पाहिजे. पिंप ओकच्या लाकडाचं, कोरं करकरीत, आतून जाळून कोळसा केलेलं. एकदा वापरलं की ते पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. वरून रंग घालायचा नाही, साखर घालायची नाही. पहिला घोट जीभ भाजतो. दुसऱ्याला काकवी लागते, भाजलेलं कणीस लागतं, जरा व्हॅनिला. मग छातीत शेगडी पेटल्यासारखी ऊब धरते. मी काही पिणारा माणूस नव्हतो. पण हे आवडलं, आणि मला एखादी गोष्ट आवडली की मी तिच्या मागं हात धुऊन लागतो. येताना दोन बाटल्या घेऊन आलो.

घरी आईनं बॅग उघडली आणि स्फोट झाला. आम्ही बौद्ध. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात दारूचा थेंब आला नव्हता. पाड्यात इतरांच्या घरी यायचा, मारामाऱ्या व्हायच्या, आमच्याकडे नाही, हा आईचा मोठा अभिमान. ती म्हणाली, "मी विहारात बसून पाचवं शील म्हणायचं आणि माझ्या घरात बाटल्यांची आरास? तोंड कुठं लपवू मी?" मी सांगून बघितलं की ही तसली दारू नाही, हिचा वास घेतात, थोडी थोडी पितात, लोक जमवून ठेवतात. तिच्यापुढं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तडजोड झाली ती अशी की बाटल्या गॅलरीत, चपलांच्या कपाटात ठेवायच्या. "अमेरिकेची असू दे नाहीतर हातभट्टीची," आई म्हणाली, "तिची जागा चपलांत." पुढची सगळी वर्षं माझा संग्रह तिथंच वाढला, एका बाजूला सँडल आणि एका बाजूला केंटकी.

आता मंडळी. माझी दाढ किडली होती म्हणून बदलापूरच्या एका दातांच्या डॉक्टरकडे जात होतो. माझं तोंड उघडं, त्यात त्याची हत्यारं, आणि तो विचारतोय, अमेरिकेहून काय आणलंत. मी घशातून कसंबसं बर्बन म्हणालो. डॉक्टरनं हत्यार बाजूला ठेवलं आणि दवाखान्याचं दार लावून घेतलं. त्यालाही तेच वेड. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी काही जण इथंच बदलापुरात, कुळगावात जमतात, तुम्हीही या, म्हणाला.

कुळगावात एका निवृत्त इंजिनिअरचा जुना बंगला होता, नदीकडच्या बाजूला. सगळे त्यांना काका म्हणत. बायको वारलेली, मुलगा पुण्यात, काका एकटे. डॉक्टर होताच. एक बँकेचे मॅनेजर होते, त्यांना सगळं आधीच माहीत असायचं. आणि एक उल्हासनगरचा सिंधी, मिक्सर आणि गॅसच्या शेगड्यांचं दुकान असलेला, त्याला आम्ही साईं म्हणायचो. पाचवा मी. पहिल्याच रविवारी काकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "केंटकीला प्रत्यक्ष जाऊन आलेला माणूस आमच्यात आला. आमची पंगत पूर्ण झाली." हे वाक्य मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

खोटं कशाला बोलू, ते रविवार फार छान जायचे. पडवीत वेताच्या खुर्च्या. प्रत्येकाचा छोटा ग्लास. डॉक्टर दवाखान्यातून सुई काढलेली सिरिंज आणायचा आणि प्रत्येकाच्या ग्लासात थेंब थेंब पाणी सोडायचा, त्यानं वास खुलतो. मग नाकं ग्लासात. मॅनेजर म्हणायचे, मला संत्र्याची साल लागली. डॉक्टर म्हणायचा, लवंग. काका डोळे मिटून म्हणायचे, जुनं पुस्तक. साईं सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मला तर दारूच लागली, बाबा." आम्ही हसून हसून लोळायचो. मॅनेजरनी कुठल्याशा पिक्चरमध्ये वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या बघितल्या होत्या, म्हणून स्वतःची बर्बनही वर्षभर आडवी ठेवली. बर्बन कडक, तिनं बूच खाऊन टाकलं. उघडायला गेले तर बुचाचा भुगा आत. मग चहाच्या गाळणीतून गाळून प्यायलो. मॅनेजर म्हणाले, बुचामुळे एक वेगळीच खोली आलीय चवीला. असा सगळा मामला.

बाटल्या कुठून यायच्या? माझ्या थेट अमेरिकेहून. मी स्वतः पुन्हा एकदा गेलो, नंतर कंपनीतला कुणीही निघाला की मी त्याच्या मागे भुणभुण लावायचो. डॉक्टरचा मेहुणा बोटीवर होता. काका आणि मॅनेजर मुंबईतून कुठूनकुठून मिळवायचे. साईं उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारातून आणायचा, मावसभावाच्या दुकानातून, मागच्या दारानं. उल्हासनगरचा माल म्हणजे डुप्लिकेट, असं लोक बोलतात ते काही नवीन नाही, आणि ते सगळ्यात जास्त साईंच बोलायचा.

आणि मग काला.

ही काकांची कल्पना. कुणाचीही बाटली संपत आली की तळातलं शेवटचं बोटभर प्यायचं नाही. बाटली तशीच काकांकडे सोडून जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी काका ती मलमलीतून गाळून एका मोठ्या काचेच्या बरणीत ओतायचे. म्हणजे त्या बरणीत सगळ्यांच्या सगळ्या बाटल्यांचा शेवट जमत राहायचा, वर्षानुवर्षं मुरत राहायचा. गोकुळअष्टमीला कसं, प्रत्येक घरचे पोहे, प्रत्येक घरचं दही, एकाच हंडीत. म्हणून नाव काला. काका म्हणायचे, "काल्यात कुणाच्या शिदोरीतलं काय, ते देवालाही सांगता येत नाही." मोठा दिवस येईल तेव्हा उघडायची असं ठरलं होतं. कुठला मोठा दिवस, ते कुणालाच माहीत नव्हतं.

दर रविवारी काका बरणी माडीवरून खाली आणायचे. झाकण उघडून पाचही जण वास घ्यायचे, तेवढंच, मग बरणी परत वर. मी नाक घालायचो आणि म्हणायचो, ह्यात माझी ती पहिली केंटकीची कळतेय, मागून येते बघा, काकवीसारखी. काका मान डोलवायचे. मॅनेजर मान डोलवायचे. डॉक्टर तर म्हणायचा, "येते ना. तुझीच येते." ही मानांची डोलवणी लक्षात ठेवा. पुढं जे झालं त्यातलं मला सगळ्यात जास्त हेच झोंबतं.

माझा त्या बरणीत जीव होता. हसाल तुम्ही, दारूच्या बरणीत कसला जीव. पण मी बुवापाड्यात वाढलो, शिकलो, कंपनीत वर चढलो, आणि प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी तरी आडनाव विचारून मगच पुढचं बोललेलं आहे. कुळगावच्या पडवीत कधी कुणी विचारलं नाही. मला वाटायचं, इथं आपण नुसते बर्बनवाले. आपली बोटभर बर्बन सगळ्यांच्या बोटभर बर्बनमध्ये पडलीय आणि आता ती कुणाच्या बापाला वेगळी काढता येणार नाही. चपलांच्या कपाटाकडे बघून आई टोमणे मारायची तेव्हा मी मनात म्हणायचो, बोल तू, तुला काय माहीत.

एका पावसाळ्यात उल्हास नदी कुळगावात शिरली. काकांच्या घरात कमरेच्या वर पाणी. फर्निचर गेलं, टीव्ही गेला, बायकोचे फोटो गेले. ओसरल्यावर आम्ही चौघं चिखल उपसायला गेलो. मी माझ्या कंपनीतली चार माणसं आणि पंप घेऊन गेलो होतो, दोन दिवस तिथंच होतो. नदीनं साऱ्या गावाचं एक करून टाकलं होतं. कुणाचं दार, कुणाचं गाद्यांचं कापड, कुणाची म्हैस, काही कळत नव्हतं. काकांनी सांगितलं की सामान वर न्यायला सुरुवात केली तेव्हा पहिली खेप बरणीची केली. आम्ही त्यांना शाबासकी दिली. बरणी आम्हाला माडीवरून दाखवली त्यांनी, छातीशी धरून. मला भरून आलं होतं, खरंच सांगतो.

दोनेक वर्षांनी काकांनी बंगला बिल्डरला दिला. तिथं टॉवर होणार होता, आणि काका मुलाकडे पुण्याला निघाले. म्हणजे मोठा दिवस आला. शेवटच्या रविवारी प्रत्येकानं एकेक रिकामी बाटली घेऊन यायचं, काला वाटून घ्यायचा, आणि पंगत उठवायची, असं ठरलं. मी केंटकीची पहिली रिकामी बाटली धुऊन, वाळवून नेली. ती मी काकांकडून परत मागून आणून जपून ठेवली होती.

घर ओकंबोकं झालं होतं. पडवीत तेवढ्या खुर्च्या. मध्ये टेबलावर बरणी, शेजारी ओगराळं आणि नरसाळं. सगळे बसले. काका उभे राहिले, चार शब्द बोलले. मग म्हणाले, "वाटपाआधी एक काम," आणि आत जाऊन एक बाटली घेऊन आले. सुंदर बाटली, कापलेल्या काचेची, गळ्याला लाल रिबीन. जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"ही तुझी," काका म्हणाले. "तुझं सगळं ह्यात आहे. एक थेंब वाया घालवलेला नाही."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "माझं म्हणजे?"

"तू ठेवून जायचास ना, ते. वेगळं भरून ठेवत गेलो. पुरातसुद्धा बघ, पहिल्या खेपेला बरणी नेली, दुसऱ्या खेपेला ही. जशीच्या तशी आहे." त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. आपण काहीतरी फार चांगलं केलं, असं कौतुक. "आणि काल्यातलंही तुला देणार आहेच, तुझा वाटा आहेच."

मी बरणीकडे बघितलं. मग त्या रिबिनीकडे. माझी एकही बाटली कधी काल्यात गेलेली नव्हती. नदी घरात शिरलेली, माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा, जीव वाचवायची वेळ, आणि तेव्हाही ह्या माणसानं दोन खेपा केल्या. वेगळ्या.

मी बाकीच्यांकडे बघितलं. डॉक्टर खाली बघत होता. मॅनेजर चष्मा पुसत होते. त्यांना माहीत होतं. दर रविवारी मी त्या बरणीत नाक घालून माझी केंटकी शोधायचो तेव्हा त्यांना माहीत होतं, आणि ते मान डोलवायचे. फक्त साईंचं तोंड माझ्यासारखंच उघडं पडलं होतं.

मी आवाज चढवला नाही. मी विचारलं, "का, काका?"

उत्तर मॅनेजरनी दिलं, त्यांना सगळं माहीत असतंच. म्हणाले, "असं मनावर घेऊ नकोस. तू अंबरनाथला राहतोस, उल्हासनगर शेजारी. आजकाल रिकाम्या बाटल्यांत काय काय भरून विकतात. एका बाटलीनं अख्खा काला वाया जायचा, म्हणून आपली खबरदारी."

त्याच दमात डॉक्टर म्हणाला, "उलट, उलट. तुझा माल इतका अस्सल, आमच्यात मिसळून त्याची माती कशाला करायची, असं काकांना वाटलं."

एकाच्या तोंडी माझी बर्बन नकली, दुसऱ्याच्या तोंडी इतकी अस्सल की मिसळवत नाही. दोघांनी निदान आधी एकमेकांना विचारून तरी यायचं. काहीही असो, निकाल एकच, की माझी बाटली बाहेर.

तेवढ्यात साईं बोलला. "एक मिनिट, काका. मेरी तो कॅम्प की थी. मौसी का लडका पीछे से निकाल के देता है, उसमें क्या है ते मलाच माहीत नाय. वो डाली ना काल्यात?"

काकांनी नरसाळं सरळ करून ठेवलं.

"डाली ना? मेरी डुप्लिकेट अंदर, और इसकी अमेरिकावाली बाहेर? ये कौनसा हिसाब झाला?"

खबरदारीचं कारण तिथंच मेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मला काकांच्याच तोंडून ऐकायचं होतं. मी म्हटलं, "काका, तुम्ही सांगा."

काका टेबलावरचं फडकं सारखं करत होते. बराच वेळ सारखं केल्यावर म्हणाले, "पहिल्या वेळी ठेवली बाजूला. मग ठेवली होती म्हणून ठेवत गेलो."

"पहिल्या वेळी का ठेवली?"

त्यांनी फडक्याची घडी घातली. आईशपथ सांगतो, त्यांनी त्या वेळी काहीही सांगितलं असतं, अगदी खरं कारण सांगितलं असतं, तरी मी एक वेळ पचवलं असतं. घडी घालत बसले.

मॅनेजरना राहवेना. "अरे, आज निरोपाचा दिवस, कशाला ताणतोस? तुम्ही लोक ना, लगेच प्रत्येक गोष्टीत तेच बघता."

"आम्ही लोक म्हणजे कोण?" मी विचारलं.

मॅनेजरचा चष्मा पुन्हा हातात. "अंबरनाथवाले," ते म्हणाले. साईं हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

मग मी ती रिबीन सोडली. बूच काढलं. बरणीचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि माझी बाटली काल्यात उपडी केली. सगळी. भडभड आवाज करत गेली. वर्षानुवर्षांची बोटबोटभर बर्बन, एकदम. ओगराळं घेतलं आणि तळापासून ढवळलं. "आता झाला काला," मी म्हटलं. "द्या बाटल्या. मी वाढतो."

"नासवलास तू," मॅनेजर उभे राहिले. "इतक्या वर्षांचं सगळं नासवलंस."

"हीच बर्बन गेल्या महिन्यात ह्याच खुर्चीत बसून प्यायलात," मी म्हटलं. "माझ्या बाटलीतली, माझ्या हातची. वा म्हणालात. पोटात चालते आणि बरणीत चालत नाही?"

डॉक्टर मला शांत करायला पुढे आला. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अरे बाबा, प्रश्न दारूचा नाहीच आहे."

"मग कशाचा आहे?"

त्याला उमगलं आपण काय बोललो ते. हात काढून घेतला त्यानं. मला तेवढंच हवं होतं. मी ओगराळं भरून डॉक्टरच्या बाटलीपुढं धरलं. त्याला आठवलं की संध्याकाळी एक पेशंट बोलावलाय. मॅनेजरना आठवलं की आज संकष्टी आहे. संकष्टीच्या दिवशी हा माणूस काला वाटून घ्यायला आला होता, पण ते असो. दोघं आपापल्या रिकाम्या बाटल्या घेऊन, एकमेकांकडे न बघता, फाटकातून बाहेर पडले.

साईंनं आपली बाटली पुढं केली. "भर," म्हणाला, "पूरी भर." मी भरली. थोडी सांडली.

काका खुर्चीत बसले होते. एकदम म्हातारे दिसले. मला त्यांची कीवही आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. पंगत पूर्ण झाली म्हणणारा माणूस हा. देणं त्यांना कधीच जड गेलं नाही. जेवू घातलं मला, स्वतःच्या हातांनी ग्लास भरून दिले, काल्यातला वाटाही देणार होते. फक्त माझ्याकडचं घेऊन आपल्यात मिसळायचं, तेवढं जमलं नाही. द्यायला हरकत नाही, घ्यायचं नाही, हा कायदा मला कुणी नव्यानं शिकवायला नको, माझ्या आजीच्या आजीपासून आमच्याकडे पाठ आहे.

मी म्हटलं, "काका, तुमची बाटली?"

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तूच घेऊन जा सगळी. पुण्याला सुनेला चालायची नाही." सुनेचं नाव पुढं केलं. तेवढं एक शेवटचं राहिलं होतं.

साईंच्या दुकानाची व्हॅन होती. मी पुढं बसलो, मांडीवर बरणी. वाटेतला कात्रपचा चढ येईपर्यंत मी बोंबलत होतो. काकांना, मॅनेजरला, डॉक्टरला, सगळ्यांना शिव्या घातल्या आणि शेवटी साईंलाही घातल्या, त्याचा काही गुन्हा नसताना. तो गुमान गाडी चालवत होता. मग म्हणाला, "यार, लोग मला पण बोलतात. तुम्हारा माल डुप्लिकेट, तुम्हारी जुबान डुप्लिकेट. हसून सोडतो मी. पण माझी बोतल त्यांनी डाली रे. हे मला आता चांगलं नाय वाटत."

आईनं दार उघडलं. माझ्या कडेवर बरणी बघून तिच्या कपाळावर आठी आली. "हे काय आणलंस आता?"

मी तिथंच उंबऱ्यात उभा राहून सगळं सांगितलं. रिबीन, दोन खेपा, मानांची डोलवणी, सगळं. मला वाटत होतं, आता ही म्हणेल, बरं झालं, दारूड्यांची संगत, असंच व्हायचं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वेगळी भरून ठेवली?"

"हो."

"आणि वरून रिबीन?"

"हो."

आईचं माहेर घाटावरचं. तिथल्या गोष्टी ती सहसा काढत नाही. त्या दिवशी म्हणाली, "आम्ही विहिरीशी उभं राहायचो. कुणाला दया आली की आम्ही ओंजळ धरायची, ती बाई वरून पाणी ओतायची. तुला बाटलीत भरून दिलं, रिबीन बांधून. बरीच सुधारणा झाली म्हणायची."

बरणी घेऊन मी गॅलरीकडे निघालो, चपलांच्या कपाटाकडे, सवयीनं. आईनं माझ्या दंडाला धरलं.

"तिथं नको."

हॉलमध्ये आमचं एक शोकेस आहे. त्याच्या मधल्या खणात माझे शाळेतले कप आणि आईचा चांगला टी-सेट असतो. आईनं टी-सेट काढून खाली ठेवला, खण पदरानं पुसला आणि म्हणाली, "इथं ठेव. प्यायची नाही. थेंबसुद्धा नाही. पण बाहेर ठेवायची नाही."

बरणी अजून तिथंच आहे. आई दर रविवारी विहारातून आली की ती पुसते, आणि पुसताना नाकाला पदर लावते.